कोल्हापुरात राहून आयटीतील कंत्राटी काम कसे मिळवावे?

कोल्हापूर न सोडता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कंत्राटी कामे मिळतात का, असे आपण विचारले आहे. मिळतात, मात्र अनेकदा कंपन्यांना माणसे पुरवणारी एजन्सीच आपल्याला स्वतःच्या पगारपत्रकावर घेऊन कंपनीचे काम देते, म्हणून होकारापूर्वी पीएफ कोण भरणार, कराराची मुदत आणि नोटिशीचा कालावधी किती, हे लेखी घ्यावे. एकाच जागेसाठी दोन एजन्सींना बायोडेटा पाठवू देऊ नये. तो दोनदा पोहोचला की उमेदवार कोणत्या एजन्सीचा या वादात पडण्यापेक्षा कंपनी उमेदवारालाच वगळू शकते. नोंदणीचे पैसे मागणाऱ्या एजन्सीला दुरूनच नमस्कार करावा.

नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवरील मथळ्यात नुसते ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ न लिहिता ‘जावा, स्प्रिंग बूट, कंत्राटी, १५ दिवसांत रुजू’ असे लिहावे, कारण रिक्रूटर याच शब्दांनी शोधतात. तरीही माझ्या मते भरवशाची कामे ओळखीतूनच येतात: शिवाजी विद्यापीठातील आपले वर्गमित्र आज हिंजवडीत टीम लीड असतील, तर त्यांना “काही काम आहे का?” असे मोघम न विचारता आपण कोणते काम कधीपासून करू शकतो, ते दोन ओळींत कळवावे. स्वतःच्या नावाने बिले काढणार असाल, तर वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यावर जीएसटी नोंदणी करावी लागते.