'विनाशिका' नेमका कोणाचा विनाश करते?

प्रश्न असा आहे: १९१४ साली मद्रासवर तोफा डागणाऱ्या 'एम्डन' या जर्मन जहाजाला एका लेखात 'विनाशिका' म्हटले आहे, तर दुसऱ्या लेखात 'युद्धनौका'. यांपैकी बरोबर शब्द कोणता, आणि 'विनाशिका' हा शब्द कोणत्याही लढाऊ जहाजाला लावता येतो का?

लावता येत नाही. 'युद्धनौका' हा सर्वसमावेशक शब्द आहे, म्हणून तो एम्डनला चालतो. 'विनाशिका' हे एका विशिष्ट वर्गाचे, म्हणजे डेस्ट्रॉयरचे नाव आहे आणि एम्डन त्या वर्गातली नव्हती. ती सुमारे ३,६०० टनांची हलकी क्रूझर, म्हणजे दूरच्या समुद्रात फिरणारी युद्धनौका, होती. कॅप्टन कार्ल फॉन म्युलर यांनी २२ सप्टेंबर १९१४ रोजी तिच्यावरून मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या, तेव्हापासून तमिळ बोलीत 'एम्डन' हे धूर्त, धाडसी माणसाचे विशेषण होऊन बसले आहे. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला पेनांगजवळ याच एम्डनने 'मुस्के' ही फ्रेंच विनाशिका बुडवली, म्हणजे विनाशिका बुडवणाऱ्या जहाजालाच आपण विनाशिका म्हणत आहोत. दिसेल त्या राखाडी जहाजाला विनाशिका म्हणण्याची ही सवय अलीकडे वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर इतकी बळावली आहे की फ्रिगेट, क्रूझर, क्वचित विमानवाहू जहाजसुद्धा तिच्यातून सुटत नाही. लिहिणाऱ्यांना बहुधा असे वाटत असावे की जे विनाश करते ती विनाशिका. पण विनाश कोणाचा, हा प्रश्न ते विचारत नाहीत, आणि या शब्दाचा सगळा इतिहास त्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेला आहे.

उत्तर आहे: टॉर्पेडो बोटीचा. इंग्रजीतले मूळ नाव 'टॉर्पेडो बोट डेस्ट्रॉयर' असे तीन शब्दांचे होते. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याने १८६६ मध्ये फियूमे (आजचे क्रोएशियातील रियेका) येथे, ऑस्ट्रियाच्या नौदलातील अधिकारी लुपिस यांच्या कल्पनेवरून, पाण्याखालून स्वतः धावणारा, स्फोटकांनी भरलेला टॉर्पेडो तयार केला. त्यानंतर काही वर्षांतच असे टॉर्पेडो वाहणाऱ्या चिमुकल्या, वेगवान बोटी निघाल्या आणि प्रचंड चिलखती जहाजांच्या कप्तानांची झोप उडाली. या बोटींना आवरण्यासाठी ब्रिटिशांनी प्रथम जी जहाजे बांधली त्यांना 'टॉर्पेडो बोट कॅचर', म्हणजे पकडणारी, म्हणत. १८८६ ची 'रॅटलस्नेक' ही त्यांतलीच. पण ज्यांना पकडायचे त्या बोटीच यांच्यापेक्षा वेगाने पळत. मग जॅकी फिशर (पुढे १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' ही प्रचंड युद्धनौका पाण्यात उतरवणारे तेच ॲडमिरल) नौदलाच्या बांधणीचे प्रमुख असताना, १८९३ मध्ये, यॅरो कंपनीने 'हॅवॉक' बांधली: सुमारे २४० टन वजन आणि २६ नॉट, म्हणजे ताशी २६ सागरी मैल, वेग. 'कॅचर' जाऊन 'डेस्ट्रॉयर' आला. पुढे हे जहाज स्वतःच टॉर्पेडो घेऊन मोठ्या जहाजांवर चालून जाऊ लागले, टॉर्पेडो बोटीची सर्व कामे त्याने गिळली, आणि नावातले कर्म गळून नुसते 'डेस्ट्रॉयर' उरले. मराठीने उचलले ते हे कर्म गळालेले नाव.

स्पेनचे अभिमानी येथे आक्षेप घेतात. फर्नांदो विल्यामिल या त्यांच्या अधिकाऱ्याने आखलेले 'देस्त्रुक्तोर' नावाचे जहाज १८८७ मध्येच तयार झाले होते आणि स्पॅनिशमध्ये डेस्ट्रॉयरला आजही तोच शब्द आहे, तेव्हा इंग्रजांनी शब्दही तिथूनच घेतला, असे ते ठामपणे लिहितात. जहाजाच्या अग्रमानाविषयी मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. विल्यामिल हे थोर अधिकारी होते, आणि ३ जुलै १८९८ रोजी सान्तियागो दे क्युबाच्या लढाईत 'फुरोर' या विनाशिकेवरच त्यांना मरण आले. शब्दाचा दावा मात्र मला मुळीच पटत नाही. एका जहाजाचे विशेषनाम आणि एका वर्गाचे कार्यनाम या भिन्न गोष्टी आहेत. 'पकडणारी' या नावानंतर 'नष्ट करणारी' हे नाव इंग्रजीत आपल्या पायांनी चालत येते, त्याला स्पेनहून आणावे लागत नाही. दोन शब्द सारखे दिसले की एक दुसऱ्याचा बाप, हे व्युत्पत्तिशास्त्र नव्हे.

खरी गंमत इतर भाषांत काय झाले ती पाहण्यात आहे. इटालियनमध्ये 'काच्चातोर्पेदिनिएरे', म्हणजे टॉर्पेडो बोटींची शिकार करणारे. तेथे कर्म आजही जिवंत आहे. फ्रेंचांनी 'काँत्र-तॉर्पियर' केले, म्हणजे टॉर्पेडो बोटींच्या विरुद्ध असणारे. जपान्यांनी 'कुचिकुकान' हा शब्द घडवला. त्यात विनाश नाही, पिटाळून लावणे आहे. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री, रशिया-जपान युद्धाच्या आरंभी, चीनच्या किनाऱ्यावरील पोर्ट आर्थर या रशियन तळाबाहेर नांगरलेल्या रशियन आरमारावर याच 'पिटाळणाऱ्या' जहाजांनी टॉर्पेडो सोडले आणि 'त्सेसारेविच', 'रेतविझान' व 'पल्लादा' यांना घायाळ केले. रक्षकाने हल्लेखोराचे काम घेतल्याचे इतके ठळक उदाहरण त्याआधीचे मला ठाऊक नाही.

रशियन भाषेने तर विनाशाचा विचारच केला नाही. तिथला शब्द 'मिनोनोसेत्स', म्हणजे सुरुंग वाहणारा, आणि डेस्ट्रॉयर म्हणजे 'एस्मिनेत्स', आरमाराबरोबर जाणारा सुरुंगवाहक. कारण रशियनमध्ये टॉर्पेडोला 'आपोआप चालणारी मिना' म्हणत आणि पाण्यात पेरलेल्या सुरुंगालाही 'मिना'च. जानेवारी १८७८ मध्ये काळ्या समुद्रावरील बातूम येथे तरुण रशियन अधिकारी स्तेपान मकारोव्ह यांनी व्हाइटहेडच्या टॉर्पेडोंनी 'इंतिबाह' हे तुर्की जहाज बुडवून नाव मिळवले, ती मिना. आणि १३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थरसमोर जपान्यांच्या सुरुंगांवर 'पेत्रोपाव्लोव्स्क' ही युद्धनौका फुटून ॲडमिरल मकारोव्ह सहाशेहून अधिक माणसांसह बुडाले, तीही मिनाच. मराठीने टॉर्पेडोसाठी 'पाणतीर' हा शब्द करून दोन्ही वस्तू नेमक्या वेगळ्या केल्या, याचे मला फार कौतुक वाटते. मात्र म्हणूनच अमेरिकन यादवी युद्धातील १८६४ च्या मोबाइल बेच्या लढाईतल्या 'टॉर्पेडों'चे भाषांतर 'पाणतीर' करणे चूक आहे. ॲडमिरल फॅरागट यांच्या वाटेत होते ते जागच्या जागी राहणारे सुरुंग. इंग्रजीत त्या काळी सुरुंगालाच टॉर्पेडो म्हणत, कारण अमेरिकन संशोधक रॉबर्ट फुल्टन यांनी ते नाव त्याला दिले होते. आणि मूळ लॅटिन 'टॉर्पेडो' म्हणजे स्पर्शाने अंग बधिर करणारा विजेचा मासा, ज्याने रोमन वैद्य डोकेदुखीवर उपचार करीत. मासा, मग सुरुंग, मग तीर, असा हा प्रवास आहे.

आता 'विनाशिका' या मराठी रूपाविषयी. काही जण हा शब्द इंग्रजीचे आंधळे भाषांतर ठरवून त्याजागी 'संहारक' सुचवतात. त्यांना शब्दाचे वजन कळलेले नाही. 'विनाशक'चे स्त्रीलिंगी रूप 'विनाशिका', हे पाणिनीच्या नियमाने सरळ होते आणि 'नौका'शी जुळते, इतके सर्वांना मान्य आहे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. निर्जीव वस्तूंच्या नावात '-इका' आली की मराठी कानाला लहानपण ऐकू येते: नाटक आणि नाटिका, पुस्तक आणि पुस्तिका, कण आणि कणिका, नळी आणि नलिका. लेखिका, गायिका, शिक्षिका ही उदाहरणे माझ्यावर नेहमी फेकली जातात, पण ती माणसांची नावे आहेत. तेथे लहानपणाला जागाच नाही. 'नौका' हीसुद्धा मुळात 'नौ'ची लहान बहीण होती आणि तरी आपण अठरा हजार टनांच्या ड्रेडनॉटला युद्धनौका म्हणतोच, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. पण 'नौका'तले लहानपण केव्हाच झिजून गेले, तर '-इका' आजही नवी लहान नावे घडवते. म्हणून 'विनाशिका' ऐकताच लहान आणि घातक असे दोन्ही अर्थ एकदम मनात येतात, आणि २४० टनांच्या हॅवॉकला, पोर्ट आर्थरच्या त्या रात्रीच्या जहाजांना, याहून नेमका शब्द कोणत्याच भाषेत नाही. 'संहारक' म्हणताच ते लहानपण नाहीसे होते आणि उरते ते नुसते मोठे आवाज करणारे विशेषण.

माझगाव गोदीत बांधलेली आणि २०२१ मध्ये नौदलात आलेली 'विशाखापट्टणम' ही विनाशिका सुमारे ७,४०० टनांची, म्हणजे एम्डनच्या दुपटीची आहे. तिला विनाशिका म्हणणे बरोबरच आहे, कारण तिचा वर्ग तो आहे. वर्ग वजनाने ठरत नाही, नौदलाने जहाज ज्या कामासाठी आखले त्याने ठरतो. एम्डन दूरच्या समुद्रात एकट्याने भटकून व्यापारी जहाजे धरण्याजोगी होती. 'क्रूझर' हा शब्दच डच 'क्रुइसन'वरून, म्हणजे समुद्र आडवातिडवा कापत फिरण्यावरून आला आहे. तेव्हा लेखात 'हलकी क्रूझर एम्डन' लिहावे, आणि 'विनाशिका' हा शब्द त्याच परिच्छेदात बिचाऱ्या मुस्केसाठी वापरावा.