जादूच्या इतिहासाची पदवी : घ्यावी की न घ्यावी?

प्रश्न : माझी मुलगी इतिहास विषय घेऊन यंदा बी. ए. झाली, संस्कृत हा तिचा जोडविषय होता. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठात ‘मॅजिक अँड ऑकल्ट सायन्स’ या विषयात एम. ए. करता येते असे तिला कळले असून तिने तिथेच जायचा हट्ट धरला आहे. नातेवाईक या गोष्टीची थट्टा करतात. आणि खरे सांगायचे तर कर्ज काढून मुलीला जादूटोणा शिकायला पाठवणे मलाही पटत नाही. हा विषय विद्यापीठात शिकण्याजोगा आहे का, आणि पुढे त्याचा काही उपयोग होईल का?
– एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. जादूचा इतिहास हा विद्यापीठात शिकण्याजोगा विषय आहे का, याचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. आपल्या मुलीने तो याच वर्षी, कर्ज काढून, एक्सेटरला जाऊन शिकावा का, याचे माझे उत्तर ‘इतक्यात नको’ असे आहे. नातेवाइकांच्या थट्टेचा या दोन्ही उत्तरांशी काही संबंध नाही.

आधी गैरसमज दूर करू. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला हा एक वर्षाचा अभ्यासक्रम मंत्र टाकायला किंवा ताईत भारायला शिकवत नाही. जादू, ज्योतिष, किमया (हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या) यांविषयी निरनिराळ्या काळांतील लोकांनी काय लिहिले, काय मानले आणि त्यापायी काय केले, याचा तिथे साहित्य, धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञानाचा इतिहास या अंगांनी अभ्यास होतो व शेवटी प्रबंध लिहावा लागतो. हा अभ्यासक्रम त्या विद्यापीठाच्या अरबी व इस्लामी अध्ययन संस्थेत चालतो, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती का, हे एका उदाहरणाने सांगतो. आपल्या मुलीला संस्कृत येत असल्यामुळे ते तिला विशेष जवळचे वाटेल.

इटलीतील फेरारा शहरात स्किफानोया नावाचा राजवाडा आहे. तेथील एका दालनाच्या भिंतींवर १४७०च्या सुमारास बारा महिन्यांची चित्रे रंगवली गेली. मार्च महिन्याच्या चित्रात, मेष राशीच्या पट्ट्यात, एक काळा पुरुष उभा आहे. अंगावर फाटके पांढरे वस्त्र, कमरेला दोरी आणि त्या दोरीचे टोक हातात. हा कोण, याचा माग आबी वारबुर्ग या जर्मन अभ्यासकाने काढला आणि १९१२ साली रोममध्ये भरलेल्या कला-इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो मांडला. पत्रिका पाहणाऱ्यांना द्रेष्काण ठाऊक असतो : तीस अंशांच्या राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहज्जातका’त अशा छत्तीस द्रेष्काणांच्या एकेक आकृती वर्णिल्या आहेत, आणि त्यांतला मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला पुरुष. ही वर्णने नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर या ज्योतिष्याने ‘हिंदी लोकांचे मत’ म्हणून आपल्या अरबी ग्रंथात घेतली. तिथून ती युरोपातल्या भाषांमध्ये गेली आणि अखेर एका इटालियन सरदाराच्या भिंतीवर चढली. वाटेत परशू गळाला आणि दोरी आली. द्रेष्काणाची मूळ कल्पना मात्र इजिप्तमधून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आलेली आहे. त्यामुळे ‘सगळे आपल्याकडूनच गेले’ म्हणून छाती फुगवायलाही इथे जागा नाही.

‘गायत अल्-हकीम’ या अरबी ग्रंथाची कथाही अशीच आहे. ताईत आणि ग्रहांच्या प्रतिमा यांविषयीचा हा ग्रंथ तेराव्या शतकात स्पेनच्या दहाव्या अल्फोन्सो राजाच्या दरबारात भाषांतरित झाला आणि लॅटिनमधून ‘पिकाट्रिक्स’ या नावाने युरोपभर वाचला गेला. त्याची लॅटिन संहिता १९८६ साली संपादित करणारे डेव्हिड पिंग्री हेच ‘यवनजातक’ या ग्रीक ज्योतिषावरच्या संस्कृत ग्रंथाचेही संपादक होते. जादूच्या इतिहासाचा रस्ता अरबीवरून जातो तो असा, आणि त्याचे एक टोक आपल्या दारात आहे.

हा विषय हलका समजण्याची खोड विद्यापीठांनाही होती. न्यूटनचे हस्तलिखित कागद त्याच्या वारसांकडून केंब्रिज विद्यापीठाकडे आले, तेव्हा विद्यापीठाने गणित व पदार्थविज्ञानाचे कागद ठेवून घेतले आणि किमयेवरचे कागद बिनमहत्त्वाचे ठरवून १८८८ साली परत केले. ते १९३६ साली लिलावात निघाले, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यांतले जमतील तेवढे विकत घेतले. आता ते केंब्रिजच्याच किंग्ज कॉलेजात आहेत. न्यूटनने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहिले होते. ते बाजूला ठेवून त्याचे चरित्र लिहिता येते, पण ते अर्ध्याच माणसाचे चरित्र होते.

शिवाय या विषयाची काळी बाजू आहे आणि ती न्यायालयांच्या दप्तरांत पडून आहे. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकाच्या आरोपावरून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसांना मारण्यात आले, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आपल्या मुलीला ज्या एक्सेटर शहरात जायचे आहे, तिथेच १६८२ साली बिडफर्ड गावच्या टेम्परन्स लॉइड, सुझाना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेम्बल्स या तीन गरीब स्त्रियांना फासावर चढवले गेले. त्या खटल्यातल्या जबान्यांत आजारी बाईच्या खिडकीशी मॅगपाय पक्षी आला होता, ही गोष्ट पुरावा म्हणून नोंदलेली आहे. पक्षी खिडकीशी आला, हे न्यायालयाला पुरावा का वाटले? साक्षीदार खोटे बोलत नव्हते, न्यायाधीश निरक्षर नव्हते, आणि कायदाही रीतसर संसदेने केलेला होता. या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्या काळचे वैद्यक, धर्मशास्त्र, पुराव्याचे नियम आणि गावातली शेजारपाजारची भांडणे हे सगळेच शिकावे लागते, आणि म्हणूनच हा विषय बुद्धीला भरपूर काम देतो.

परदेशात त्याला आता चांगली बैठक आहे. पॅरिसमध्ये १९६५ पासून आणि ॲम्स्टरडॅममध्ये १९९९ पासून या क्षेत्रासाठी स्वतंत्र अध्यासन आहे. वारबुर्ग यांचे ग्रंथालय नाझी राजवटीच्या धास्तीने १९३३ साली हॅम्बुर्गहून लंडनला हलवले गेले. आज ते लंडन विद्यापीठाची संस्था आहे आणि जादू व ज्योतिष यांवरच्या ग्रंथांसाठी विख्यात आहे. तेव्हा एक्सेटरचा अभ्यासक्रम म्हणजे एखाद्या विद्यापीठाची लहर, असे समजण्याचे कारण नाही.

आता दुसरा प्रश्न. एका वर्षात एम. ए. पुरे होते, हे ऐकायला बरे वाटते. पण त्या वर्षातला अध्यापनाचा काळ थोडा असतो आणि उरलेला प्रबंधात जातो. त्यात अरबी किंवा लॅटिन मुळाक्षरांपासून शिकून जुनी हस्तलिखिते वाचण्याइतकी गती येत नाही. ज्याला मूळ भाषा येत नाही, तो भाषांतरांवर अवलंबून राहतो, आणि अशा विद्यार्थ्याला पुढे पीएच. डी.साठी चांगला मार्गदर्शक व शिष्यवृत्ती मिळणे कठीण जाते. या क्षेत्रातली खरी नोकरी म्हणजे संशोधन व अध्यापन, आणि काही अंशी संग्रहालये, अभिलेखागारे व प्रकाशनसंस्था. या सर्वच ठिकाणी पदवीच्या नावापेक्षा ‘कोणती लिपी वाचता येते’ हे आधी विचारले जाते. परत येऊन महाराष्ट्रात प्राध्यापकी करायची तर पीएच. डी. नसेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावीच लागेल, आणि अशा शीर्षकाची पदवी इतिहासाच्या पदासाठी ‘संबंधित विषयातली’ मानली जाईल का, हा प्रश्न निवड समितीसमोर हमखास निघेल. म्हणून परदेशी पदवीच्या समकक्षतेचे सध्याचे नियम प्रवेश घेण्यापूर्वीच पाहून ठेवावेत. तिथे राहून नोकरी शोधण्याच्या व्हिसावर हिशेब मांडू नये. ते नियम वरचेवर बदलतात.

माझा सल्ला असा, की तिने आधी इथेच संस्कृत किंवा इतिहासात एम. ए. करावे आणि त्या दोन वर्षांत आणखी एक भाषा व एक लिपी पक्की करावी : अरबी किंवा फार्सी, आणि मोडी. मोडीचे वर्ग शासनाचा पुराभिलेख विभाग आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ घेत असतात. हस्तलिखिते हाताळायची तर १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यातच आहे. मंत्रशास्त्र, शकुन आणि ज्योतिष यांवरच्या संस्कृत हस्तलिखितांची देशात वाण नाही, वाचणाऱ्यांची आहे. त्यानंतर दोन वर्षे कुठे काम केले, तर इंग्लंडातल्या एक वर्षाच्या एम. ए.साठी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्जही करता येतो, कारण तिला तेवढ्या अनुभवाची अट आहे. एवढे करूनही तिला एक्सेटरलाच जावेसे वाटले, तर तिला खुशाल जाऊ द्यावे. शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर घर गहाण ठेवून मात्र पाठवू नये. या पदवीच्या जोरावर कर्ज लवकर फिटेल असे कुणी सांगत असेल, तर ते खरे नाही.

प्रश्न : मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायाबापड्यांचे किती हाल झाले, हे मी शिक्षक म्हणून जवळून पाहिले आहे. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा असताना विद्यापीठांनी जादूसारख्या विषयाला प्रतिष्ठा देणे, म्हणजे अंधश्रद्धेला मागच्या दाराने आत घेणे नव्हे काय?
– एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : आपली धास्ती अनाठायी नाही, पण तिचा रोख दुसरीकडे हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले, आणि त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली फेटाळली. तिथे ज्योतिषाचा इतिहास नव्हे, खुद्द ज्योतिष शिकवायचे होते, आणि आपला आक्षेप तिथे पुरेपूर लागू पडतो. डॉ. जयंत नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद हे सांगितले होते. त्यांची उत्तरे ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून आली असती त्याहून सरस नव्हती. इतिहासाचा विभाग ही परीक्षा घेत नाही. ज्यावर लोकांनी विश्वास ठेवला ते खरे होते का, यापेक्षा तो विश्वास कुणाच्या उपयोगी पडला आणि कुणाच्या मुळावर आला, हे तो शोधतो.

डॉ. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर निघालेला अध्यादेश आणि त्यापाठोपाठ डिसेंबरमध्ये संमत झालेला कायदा आपल्याला ठाऊक आहेच. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्ये आहेत. त्यांतल्या एकात, अमुक माणूस करणी करतो किंवा मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवतो असे भासवून त्याचे जगणे मुश्कील करणे, हा अपराध सांगितला आहे. दूध आटवल्याचा हाच आरोप युरोपातल्या चेटकाच्या खटल्यांत ठिकठिकाणी सापडतो. जिथे घरचे चार पैसे एका दुभत्या जनावरावर अवलंबून असतात, तिथे ते जनावर आटले की शेजारणीकडे बोट दाखवले जाते. यात इंग्लंड आणि औसा तालुका असा फरक नसतो. हे ताडून पाहण्याचे काम शिकलेल्या विद्यार्थ्यांखेरीज कोण करणार?

इंग्लंडच्या संसदेने १७३६ साली चेटकाविरुद्धचे जुने कायदे रद्द केले आणि उलट, अंगात अशी शक्ती असल्याचा बहाणा करणे हाच गुन्हा ठरवला. आपला २०१३चा कायदाही श्रद्धेला हात न लावता फसवणूक आणि छळ यांवरच बोट ठेवतो, त्यामुळे ही तुलना करण्यासारखी आहे. इंग्लंडच्या त्या कायद्यानंतर पंधरा वर्षांनी, १७५१ साली, ट्रिंग गावच्या जमावाने रूथ ऑस्बॉर्न या म्हातारीला चेटकीण म्हणून तळ्यात बुचकळून मारले. जमावाचा म्होरक्या टॉमस कॉली याला त्यासाठी फाशी झाली. पण एका गावपीडेला संपवल्याबद्दल माणसाला लटकवतात हा अन्याय आहे, अशी कुरकूर फाशीच्या जागी जमलेल्यांत चालली होती. सरकारी वकील आणि पोलीस पाटील यांच्या प्रशिक्षणात हे एक प्रकरण सविस्तर शिकवले जावे, असे मला वाटते, आणि ते शिकवायला हा विषय अभ्यासलेली माणसेच लागतील.