घडीचा चाकू घरात नक्की कशाला लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भेट मिळालेला, साधारण तीन इंची पात्याचा घडीचा चाकू ड्रॉवरमध्ये पडून आहे. स्वयंपाकघरात सुरी, विळी, कात्री सगळं आहे. मग नाशिकमध्ये फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय, आणि तो सांभाळायचा कसा?

विळीपाशी आपण बसतो, सुरी ओट्यावर राहते. घडीचा चाकू कामापाशी जातो: दारात, गॅलरीत, गच्चीवर, माळ्यावर. ओट्याबाहेरची कापाकापी हेच त्याचं खरं क्षेत्र. ते ओळखलं की तो रोज हातात येतो.

आधी पातं उघडल्यावर अडकतं का ते बघा. स्विस पद्धतीच्या बऱ्याच छोट्या चाकूंत पातं नुसत्या पट्टीच्या स्प्रिंगवर उभं राहतं, त्याला खटका नसतो. टोक कशात खुपसून दाबलं की असं पातं उलटं मिटतं आणि बोटांवर येतं. असा चाकू ओढून कापण्यासाठी उत्तम, भोसकण्यासाठी कधीच नाही. ओपिनेलसारख्या लाकडी मुठीच्या चाकूला कडी असते. पातं उघडल्यावर ती फिरवली की पातं घट्ट बसतं. ती फिरवायचा आळस करू नका.

पार्सलचं काम सगळ्यांना माहीत आहे, चुकतं ते खोलीत. साधा तीन पदरी खोका तीन-चार मिमी जाड असतो. पातं इंचभर आत गेलं की आतला शर्ट किंवा पिशवी फाटलीच. पात्याच्या दोन्ही चपट्या बाजू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, टोक फक्त चार-पाच मिमी बाहेर ठेवा. दोन झापा जिथे भेटतात त्या फटीवरची टेप तिरप्या टोकाने ओढत कापा. पुठ्ठा जितका कमी कापाल तितकी धार टिकते, कारण पुठ्ठ्यातली बारीक कचकच पातं झिजवते. टेपचा चिकटा बसला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दोन मिनिटांनी फडक्याने पुसा, मग साबणाने धुवा. नखाने खरवडत बसू नका.

गोणीचं काम मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू आणि उन्हाळ कांदा गोणीनेच घरात येतो. गव्हाच्या गोणीची शिवण मशीनची साखळी टाक्याची असते. ती मधे कुठेही कापली तर वीतभर उसवते आणि अडते, मग माणूस चिडून गोणीच फाडतो. एका टोकाला लोंबणारा दोरा गोणीलगत कापा आणि सुटलेलं टोक ओढा. साखळी एकाच बाजूने उसवते. ओढून आली नाही तर दुसऱ्या टोकाकडून करा. बरोबर टोक सापडलं की अख्खी शिवण सरसर निघते आणि गोणी पुढच्या वर्षी वापरता येते. कांद्याच्या जाळीच्या गोणीला तोंडाची सुतळीच कापायची, तीही पात्याची धार वरच्या बाजूला ठेवून: पातं सुतळीखाली सरकवा आणि वर उचला. धार खाली ठेवून दाबलं तर वरच्या दोन-चार कांद्यांना चीर पडते. चिरलेला कांदा साठवणीत आधी सडतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो.

द्राक्षाच्या दिवसांत घड धुऊन ताटात ठेवला की मुलं एकेक मणी ओढून तोडतात. ओढलेल्या मण्याचा देठ आतला ओला गर घेऊन बाहेर येतो, आणि घडावर राहिलेल्या त्या ओल्या टोकावर चिलटं जमतात. चाकूने घडाची छोटी फांदी मुळापासून कापून दिली तर उरलेला घड फ्रीजमध्ये कोरडा आणि चांगला राहतो. सटाणा-देवळा-कळवणकडचं डाळिंब सोलायलाही हेच छोटं पातं सोयीचं. तुऱ्याभोवती जेमतेम तीन-चार मिमी खोल गोल चीर द्या, टोपी उचला. आत पांढरे पडदे दिसतात. त्या पडद्यांच्या रेषेत बाहेरून सालीवर उभ्या चिरा द्या आणि हाताने उकला. दाणे फुटत नाहीत, कपड्यांवर डाग पडत नाहीत. सरळ मधोमध दोन फोडी करणं ही डाळिंबाची नासाडी आहे.

पातं साध्या कार्बन पोलादाचं असेल तर लिंबू, कैरी, डाळिंब कापल्यावर काळं पडतं आणि फळाला लोखंडाची चव येते. तो काळपटपणा दोष नाही, उलट पुढच्या गंजापासून थोडा आडोसाच. तांबूस दिसला तर मात्र तो गंज. फळं वारंवार कापायची असतील तर स्टेनलेस पातं घ्या. आणि ज्या पात्याने टेप, वायर, झाडं कापता त्याने फळ कापायचं असेल तर मधे गरम पाणी आणि साबण हवाच, बिजागरीच्या फटीसकट. खरं तर दोन स्वस्त चाकू वेगळे ठेवणं जास्त शहाणपणाचं.

आता वायर. मिक्सरची वायर बहुतेक वेळा प्लगपाशीच तुटते, आणि घरोघरी ती दाताने किंवा कात्रीने सोलली जाते. प्लग सॉकेटमधून बाहेर काढलेला असल्याशिवाय वायरला पातं लावायचं नाही. चाकूची मूठ विजेसाठी सुरक्षित नसते, लाकडी असली तरी बिजागरी आणि पातं धातूचंच. बाहेरचं जाड आवरण कापू नका, त्यावर नुसती रेघ ओढा. मग वायर त्या रेघेपाशी वाकवा: ताणलेलं आवरण आपोआप उमलतं. थोडं फिरवून परत वाकवा. चारही बाजूंनी असं केलं की आतल्या तारांना पातं न लागता आवरण निघतं. आतल्या रंगीत तारांसाठी पातं जवळजवळ आडवं धरा आणि पेन्सिल तासतो तसं हातापासून दूर तासा. प्लगसाठी दहा-बारा मिमी उघडं तांबं पुरतं.

गोल कापून खेचण्याची सवय का वाईट? ०.७५ चौरस मिमीच्या लवचिक वायरीत ०.२ मिमीच्या २४ बारीक तारा असतात. गोल कापताना त्यातल्या चार तुटल्या तर त्या जागी सहावा हिस्सा तांबं गेलं. वीज तेवढीच जाते, जागा अरुंद झाली, म्हणून ती तापते. प्लग पिवळसर-तपकिरी होण्यामागे ढिल्या स्क्रूइतकंच हेही कारण असतं. उघड्या तारा पिळून मगच टर्मिनलमध्ये घाला. एकही तार बाहेर लोंबता कामा नये. हिरवी-पिवळी अर्थची तार इतर दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा, म्हणजे वायर कधी ओढली गेली तर अर्थ सर्वांत शेवटी सुटेल. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. जुन्या वायरीत लाल आणि काळी. भिंतीतल्या वायरिंगला आणि गीझरला हात नको, तिथे वायरमनच बोलवा.

गच्चीवर कुंड्या असतील तर या चाकूचं सर्वांत सुंदर काम म्हणजे गुटी कलम: झाडावरच असलेल्या फांदीला मुळं फोडून तिचं नवं रोप करणं. पण मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, म्हणत, तेव्हा आधी गुलाबाच्या छाटणीपासून सुरुवात करायला हरकत नाही: वाळलेली फांदी बाहेरच्या दिशेने बघणाऱ्या डोळ्याच्या (कोंबाच्या) पाच-सहा मिमी वर, डोळ्याकडून उलट्या बाजूला उतरता तिरपा काप. पेन्सिलपेक्षा जाड फांदी असेल तर चाकू सोडा, सिकेटर (छाटणीची कात्री) घ्या.

गुटी कलमाला जून ते ऑगस्ट योग्य, कारण हवेत ओल असते. डाळिंब, लिंबू, पेरू, जास्वंद, बोगनवेल यांवर करता येतं. वर्षभर जुनी, पेन्सिलएवढी निरोगी फांदी निवडा. पातं सॅनिटायझरने पुसा. डाळिंबाचा तेल्या रोग छाटणीच्या अवजारांवरूनही पसरतो, म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा. सालीवर दोन ते अडीच सेंटिमीटर अंतराने दोन गोल चिरा द्या, त्यांना जोडणारी एक उभी चीर द्या आणि मधली साल अंगठीसारखी सोडवा. खाली बुळबुळीत थर लागतो. तो पात्याच्या पाठीने खरवडून कोरडा करा. बहुतेकांचं कलम इथेच फसतं: तो थर राहिला की पंधरा दिवसांत नवी साल वरून खाली जोडली जाते आणि झाडाला मुळं फोडायची गरजच उरत नाही. उलट पातं लाकडात खोल गेलं तर पहिल्या वाऱ्यात फांदी मोडते.

मॉस (कलमासाठीचं वाळलेलं शेवाळ) अर्धा तास भिजवा, मुठीत घट्ट पिळा. थेंब गळायचे थांबले की मूठभर मॉस त्या अंगठीभोवती गुंडाळा. वर पारदर्शक प्लास्टिक लावा आणि दोन्ही टोकांना सुतळी बांधा, वरची जास्त घट्ट. वरून पावसाचं पाणी शिरलं तर मॉस कुजून काळं पडतं. साधारण ४५ ते ६० दिवसांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी मुळं जरा तपकिरी व्हायला लागली की गाठीखालून कापा, अर्धी पानं काढून टाका, सहा इंची कुंडीत लावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा.

किरकोळ कामं भराभर सांगतो. सिलिकॉनच्या नळीचं नाक जिथे पाच-सहा मिमी रुंद आहे तिथे तिरपं कापा. खूप वर कापलं तर धार बारीक येते, फार खाली कापलं तर बाथरूमभर पसरते. भांड्याला लावलेली एपॉक्सी पुटी अर्धवट घट्ट असतानाच कडेने तासा, पूर्ण वाळल्यावर ती दगड होते. नायलॉनची दोरी कापल्यावर टोक लगेच मेणबत्तीवर वितळवा. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीला लटकता राहू द्या, सुटा पडलेला तो चिमुकला तुकडा गटारात जातो.

डब्याचं झाकण, रंगाचा टिन, खिळा, स्क्रू यांसाठी चाकू वापरू नका. टोक पातळ आणि कडक असतं, बाजूने जोर आला की मोडतं आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. झाकणाला चमच्याचा दांडा लावा. गॅसच्या बर्नरची भोकंही चाकूने कोरू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ज्योत बिघडते.

धार हा सगळ्याचा पाया. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोरात पातं निसटतं आणि हात कापतो. हार्डवेअरच्या दुकानात एक बाजू भरड, एक बारीक असा दगड मिळतो. पाणी किंवा तेल यापैकी एकच काय ते ठरवा. तेल प्यायलेला दगड पुन्हा पाणी घेत नाही. दगडाखाली ओलं फडकं ठेवा. पातं पंधरा मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून पाच मिमी वर उचला, म्हणजे कोन सुमारे २० अंशांचा होतो. पाच मिमी म्हणजे पेन्सिलच्या जाडीपेक्षा जरा कमी. भरड बाजूवर एकाच अंगाने घासत राहा, उलट्या कडेवर सबंध लांबीत बारीक खरखरीत कड येईपर्यंत. सातपूर-अंबडचे कामगार तिला बर म्हणतात. ती अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवून तपासायची, धारेवरून लांबीत कधीच नाही. बर आली की दुसरं अंग तसंच. बर न येता बाजू बदलली तर तासभर घासूनही धार लागत नाही. मग बारीक बाजूवर आलटून पालटून, हात हलका करत नेत दहा-बारा वेळा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या अंगावर पाठ पुढे ठेवून पंधरा-वीस वेळा फिरवा. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की धार लागली.

फिरत्या धारवाल्याकडे देणार असाल तर उभं राहून बघा. कोरड्या चाकावर पातं जास्त वेळ टेकलं तर कड निळी पडते. निळी पडली म्हणजे पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं, मग कितीही धार लावा, दोन दिवस टिकत नाही.

बिजागरीत खोबरेल तेल घालू नका. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि नाशिकच्या थंडीत पातं उघडताना नख तुटतं. गोडं तेल कालांतराने चिकट होतं. मेडिकलमध्ये मिळणारं साधं लिक्विड पॅराफिन एक थेंब पुरे, फळ कापणाऱ्या पात्यालाही चालतं. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं जाम होतं. ओढाताण न करता दोन दिवस कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळा संपल्यावर खंडेनवमीला अवजारं पुजायला काढता, तोच दिवस चाकू उघडून फटी साफ करायला आणि तेल द्यायला चांगला.

बाहेर नेण्याबद्दल: शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. तीन इंची पातं त्या मापात बसत नाही. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा चाकू जवळ बाळगण्यालाही बंदी घालता येते, म्हणून सण, मिरवणुका, निवडणुका आणि सिंहस्थाच्या दिवसांत तो घरीच ठेवा. ओझरहून विमानाने जाताना हातातल्या सामानात अजिबात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत मिटवून, फडक्यात गुंडाळून ठेवा.