मंगळाची कक्षा आणि तिरका कापलेला शंकू

प्रश्न : माझी मुलगी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. गणितात 'कॉनिक सेक्शन'चा धडा सुरू झाल्यापासून ती विचारते की, शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांचा अभ्यास माणसाने मुळात केलाच कशासाठी, आणि विज्ञानाला त्याचा खरोखर काही उपयोग झाला का? मला तिचे समाधान करता आले नाही. – एक पालक, सांगली

उत्तर : मुलीने नेमका मर्माचा प्रश्न विचारला आहे. हा अभ्यास इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये सुरू झाला तो एका निव्वळ भूमितीय कोड्यापायी : दिलेल्या घनाच्या बरोबर दुप्पट घनफळाचा घन कसा रचावा? मिनेक्मसने ते कोडे या वक्रांच्या साहाय्याने सोडवले. पुढे इ.स.पू. २००च्या सुमारास पर्गा येथील अपोलोनियसने या विषयावर आठ खंडांचा ग्रंथ लिहिला आणि विवृत्त (म्हणजेच लंबवर्तुळ), अन्वस्त (पॅराबोला) व अपास्त (हायपरबोला) या तिन्ही वक्रांना त्यांची आजची ग्रीक नावे दिली. त्यांतले पहिले चार खंड ग्रीकमध्ये टिकले. पाचवा ते सातवा आज आपल्या हाती आहेत ते केवळ नवव्या शतकात बगदादमध्ये त्यांचे अरबी भाषांतर झाले म्हणून. आठवा हरवला तो हरवलाच. मधल्या काळात जाळ पाडणारे आरसे कसे घडवावेत, यासारख्या प्रश्नांत या वक्रांचा थोडाफार उपयोग झाला, पण ते आकाशात असतील असे कोणाच्या मनातही आले नाही. ग्रहांनी वर्तुळातच, किंवा वर्तुळावर फिरणाऱ्या वर्तुळांतच फिरावे, ही समजूत फार पक्की होती.

ती मोडली योहानेस केप्लरने. टायको ब्राहेने डोळ्यांनी, दुर्बिणीविना, वर्षानुवर्षे केलेली मंगळाची निरीक्षणे त्याच्या हाती आली होती. पुष्कळ खटपटीनंतर त्याने वर्तुळाकार कक्षेचे असे गणित बसवले की त्यात आणि निरीक्षणांत फक्त ८ कलांचा फरक उरला. ८ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग. दुसऱ्या कोणी तो फरक सोडून दिला असता. पण टायकोच्या मोजमापात एवढी चूक असणार नाही, हे केप्लर जाणून होता, आणि म्हणून त्याने वर्तुळच सोडून दिले. मग तो अंड्यासारख्या एका आकाराशी झगडत बसला. १६०३ साली एका पत्रात त्याने लिहिले की, हा आकार जर विवृत्त असता, तर सगळी उत्तरे आर्किमिडीज आणि अपोलोनियस यांच्याकडे तयारच मिळाली असती. कक्षा खरोखरच विवृत्ताची आहे, हे त्याला उमगायला आणखी दीड-दोन वर्षे लागली, आणि १६०९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मला या हकिकतीत भूमितीचा खरा प्रभाव दिसतो. निरीक्षणे कितीही चोख असली, तरी ज्या आकाराचे गुणधर्म कोणी अभ्यासलेच नव्हते, त्या आकाराची कक्षा केप्लरला त्या आकड्यांतून ओळखता आली नसती.

पुढचा दुवा एडमंड हॅले याचा. व्यस्त वर्गाच्या नियमाने, म्हणजे अंतर दुप्पट झाले की ओढ एक चतुर्थांश होते अशा रीतीने, सूर्य ग्रहाला खेचत असेल तर ग्रहाची कक्षा कोणती, असे १६८४ मध्ये त्याने न्यूटनला विचारले आणि 'विवृत्त' असे तत्काळ उत्तर मिळाले. त्या भेटीतून न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' उभा राहिला. १६८७ मध्ये तो हॅलेच्या खर्चाने छापला गेला, आणि त्यातील सिद्धता बहुतांशी भूमितीच्याच भाषेत आहेत. हाच हॅले पुढे अरबी शिकला आणि १७१० मध्ये त्याने अपोलोनियसच्या ग्रंथाची आवृत्ती काढली, हे सहसा सांगितले जात नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

अन्वस्ताचे उदाहरण तर आपल्याच राज्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या अन्वस्ताकार आहेत, कारण अक्षाला समांतर येणाऱ्या लहरी त्या आकारावरून परावर्तित होऊन एकाच बिंदूत, म्हणजे नाभीत, एकवटतात.

मंगळाची कक्षा मुलीला घरीच काढता येईल. पुठ्ठ्यावर कागद ठेवून १.८६ सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचाव्यात, २१.८६ सेंटिमीटर घेराचे दोऱ्याचे कडे त्यांभोवती घालावे आणि पेन्सिलीने ते ताणून धरत रेषा फिरवावी. २० सेंटिमीटर लांबीचा जो आकार मिळेल, त्याची रुंदी लांबीपेक्षा एक मिलिमीटरनेही कमी भरणार नाही; डोळ्यांना ते वर्तुळच वाटेल. आता एक टाचणी सूर्य मानून तिच्यापासून रेषेपर्यंतचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अंतर पट्टीने मोजावे. ते सुमारे ९.१ आणि १०.९ सेंटिमीटर येईल. याच प्रमाणात मंगळ सूर्यापासून सुमारे २० कोटी ७० लाख किलोमीटरपर्यंत जवळ येतो आणि २४ कोटी ९० लाख किलोमीटरपर्यंत दूर जातो.