वाचकांचे प्रश्न : बाळाच्या पाठीचा बाक, थांबायचं की प्लास्टर?

प्रश्न : आमची मुलगी १६ महिन्यांची आहे. अंघोळ घालताना तिची पाठ डावीकडे वाकलेली दिसली. एक्स-रेत बाक ३४ अंश निघाला. एक डॉक्टर म्हणतात, सहा महिने थांबा, आपोआप सुटेल. दुसरे प्लास्टर सांगतात. सासूबाईंचा मालिशीवर भर आहे. नागपुरातच दाखवावं की मुंबई गाठावी?
– एक आई, प्रतापनगर

उत्तर : एवढ्या लहान वयातले बरेच बाक खरंच आपोआप सुटतात आणि काही झपाट्याने वाढतात. तुमच्या मुलीचा कोणत्या प्रकारचा, हे नुसत्या ३४ या आकड्यावरून ठरत नाही, ते बरगड्यांवरून कळतं. बाकाच्या सगळ्यात बाहेर गेलेल्या मणक्याशी डावी आणि उजवी बरगडी किती कोन करते, ते मोजून दोन्हींची वजाबाकी करतात. फरक २० अंशांच्या आत असेल तर बाक सुटण्याची शक्यता जास्त. त्याहून अधिक असेल, किंवा बरगडीचं टोक मणक्यावर चढलेलं दिसत असेल, तर बाक बहुधा वाढतो. डॉ. मिन मेहता यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही मोजणी तुमच्याकडे आहे त्याच एक्स-रेवर होते. दोन्ही डॉक्टरांना सरळ विचारा, ‘बरगड्यांच्या कोनातला फरक किती आला?’

फरक कमी असेल तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढा, पहिला झोपवून काढला असेल तर दुसराही झोपवूनच. मोजणीत पाचेक अंश इकडेतिकडे होतातच, त्यामुळे ३४ चे ३७ झाले म्हणून घाबरू नका. फरक जास्त असेल तर मात्र सहा महिने थांबू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लास्टर बाकाला वळण देतं, पण कणा सरळ करते ती मुलाची स्वतःची वाढ, आणि पहिल्या दोन वर्षांत ती सर्वांत वेगाने होते. डॉ. मेहतांनी २००५ मध्ये १३६ मुलांचे निष्कर्ष दिले. सरासरी १९ महिन्यांच्या वयात, ३२ अंशांच्या आसपास प्लास्टर सुरू झालेल्या ९४ मुलांचा बाक सुटला. सरासरी अडीच वर्षांच्या वयात, ५२ अंशांवर आलेल्या ४२ मुलांचा नुसता कमी झाला.

प्लास्टरआधी संपूर्ण कण्याचा एमआरआय करून घ्या. मज्जारज्जूत पाण्याची पोकळी किंवा रज्जू खाली अडकलेला निघाला, तर उपचाराची दिशाच बदलते. एक्स-रेत अर्धाच तयार झालेला मणका दिसला तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची इकोही हवी, कारण हे अवयव गर्भात साधारण त्याच आठवड्यांत घडतात. अशा जन्मजात बाकावर प्लास्टर किंवा पट्टा हा मुख्य इलाज नसतो.

एक्स-रे आणि एमआरआयसाठी मुंबईची गरज नाही. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा मिहानच्या एम्समध्ये अस्थिरोग विभागात आधी दाखवा. प्लास्टर कुठे करायचं हे मात्र चौकशी करून ठरवा. ते भूल देऊन, मुलाला खास चौकटीवर ताणून, पिळलेला कणा फिरवत घालावं लागतं, आणि या वयात साधारण दर दोन महिन्यांनी बदलावं लागतं. चौकट आहे का, लहान मुलांना नेहमी भूल देणारे डॉक्टर आहेत का, अशी प्लास्टरं इथे नियमित होतात का, हे तिन्ही विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर मुंबई गाठा, सोबत मूळ फिल्म आणि सीडी न्या. फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि मालिश? हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. बाक दाबून सरळ करायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. कणा त्याने सरळ होत नाही, आणि मालिशीच्या भरवशावर गेलेले महिने परत मिळत नाहीत.

प्रश्न : मुलाला एप्रिलमध्ये प्लास्टर घालणार आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात कसं निभवायचं? पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलावं का?
– एक वडील, मानेवाडा

उत्तर : बाक वाढत असेल तर उन्हासाठी थांबू नका. प्लास्टरखाली अंगाला घट्ट बसणारा, शिवण नसलेला सुती बनियन आधीच घालायला सांगा. प्लास्टर आहे तोवर अंघोळ बंद. हात, पाय, मान ओल्या फडक्याने पुसा. पावडर टाकू नका, घामाने तिचे गोळे होऊन कातडी सोलते. कूलर चालेल, पण पाण्याचे तुषार प्लास्टरवर उडू देऊ नका. डायपर प्लास्टरच्या कडेच्या आत नीट खोचा, कडेला पाणी न शोषणारी चिकटपट्टी लावा. खाज सुटली तरी आत विणायची सुई किंवा काडी घालू नका.

पोट दाबलेलं असल्याने जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा द्या. वारंवार उलट्या, त्यातही हिरव्या, झाल्या तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या. आतड्याचा वरचा भाग दाबला गेल्याचं ते लक्षण असू शकतं. श्वास जोरात चालला, पाय नेहमीसारखे हलेनात, तरी तेच. घाण वास, ओला डाग किंवा कारण न कळणारा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाच्या पाठीत मधोमध उंचवटा आलाय. रात्री रडत उठतो, संध्याकाळी अंग कोमट लागतं. त्याला पट्टा लावू का?
– कामठी

उत्तर : पट्टा नंतर, आधी तपासणी, आणि तीही याच आठवड्यात. बाजूला जाणारा बाक लहान मुलांना सहसा दुखत नाही. दुखणं, ताप, मधोमध उंचवटा, खाली पडलेलं खेळणं उचलताना पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून बसणं, यावरून मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावीच लागते. बीसीजी दिली असली तरी. रक्ताचा ईएसआर, छातीचा आणि मणक्याचा एक्स-रे, एमआरआय आणि गरजेनुसार सुईने घेतलेल्या नमुन्याची तपासणी लागेल. क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मणक्याच्या क्षयात ती साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात, ताप गेला म्हणून मध्येच थांबवायची नसतात. मुलगा चालताना अडखळू लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता थेट अपघात विभागात न्या.