बॅटरी सारखी, मग मेहुण्याची गाडी पुढे कशी?

प्रश्न : माझ्या आणि मेहुण्याच्या, दोन्ही इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरी 60 युनिटची. माझी गाडी उंच, रुंद टायरांची. त्याची बुटकी, लांबट सेदान. गेल्या महिन्यात दोघंही पूर्ण चार्ज करून एकत्रच निघालो. 250 किलोमीटर महामार्ग, दोघांचाही काटा 100 च्या आसपास. पोहोचलो तेव्हा त्याच्या पडद्यावर 38 टक्के होते, माझ्या 14. तेव्हापासून तो 'तुझी बॅटरी बाद आहे' म्हणून चिडवतोय. खरंच तसं असेल का?

उत्तर : आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. निम्मे वाचक नुसतं 'रेंज कमी मिळते' एवढंच कळवतात, आणि मग मी काय कपाळ सांगणार?

मेहुण्याने 62 टक्के, म्हणजे 37 युनिट वापरली. एक युनिट म्हणजे 1000 वॉट-तास, तेव्हा किलोमीटरला साधारण 149 वॉट-तास. तुमची गेली जवळजवळ 52 युनिट, किलोमीटरला 206. फरक 57 वॉट-तासांचा. हे 57 कुणी खाल्ले ते शोधायचं.

पहिला संशयित वारा. गाडी हवेला किती अडते हे दोन गोष्टींवर ठरतं : समोरून दिसणारा आकार केवढा आणि तो किती गुळगुळीत. तुमच्यासारख्या उंच गाडीचा वाऱ्याचा गुणांक (गुळगुळीतपणाचा आकडा, जितका कमी तितका बरा) 0.32 आणि समोरचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या किंचित वर धरू. सेदानचा 0.24 आणि 2.2 चौरस मीटर. 100 च्या वेगाला हवा कापण्यात सेदानचे किलोमीटरला 68 वॉट-तास जातात, तुमचे 105. म्हणजे 57 पैकी 37 एकट्या वाऱ्याने नेले. उरलेले वीसेक टायर, वजन आणि मोटरमधली गळती यांनी वाटून घेतले, असा माझा हिशोब.

टायरांना कमी समजू नका. ह्युंदाईच्या आयोनिक 5 आणि आयोनिक 6 या दोन गाड्यांच्या 2023 च्या मॉडेलांत बॅटरी एकच होती, 77.4 युनिटची, आणि खालचा सांगाडाही एकाच घराण्यातला. त्यातल्या मागच्या चाकांना मोटर असलेल्या गाड्यांना अमेरिकी सरकारी चाचणीत 5 ला 488 किलोमीटर मिळाले आणि बुटक्या, निमुळत्या 6 ला 581. इथवर वाऱ्याचीच गोष्ट. पण त्याच 6 ची 18 इंची चाकं जाऊन वरच्या मॉडेलची 20 इंची आली, की आकडा 491 वर उतरतो! वरच्या मॉडेलचं थोडं जास्त वजन धरलं तरी यातला मोठा वाटा चाकांचाच. दिसायला झकास चाकांची किंमत आपण शोरूममध्ये एकदा मोजतो आणि मग रोज रस्त्यावर.

वाऱ्याचा धडा मी स्वतः उशिरा शिकलो. गाडीच्या खर्चाची वही ठेवायची मला जुनी खोड आहे. एका प्रवासासाठी टपावर कॅरियर बसवला आणि आळसाने तीन महिने तसाच ठेवला. वहीत किलोमीटरला 150 वॉट-तासांचे 170 झालेले रोज दिसत होते आणि मी टायरमधली हवा तपासत बसलो होतो. कॅरियर रिकामा होता, हे विशेष.

गावातल्या गर्दीत हे चित्र पालटतं. वेग कमी, त्यामुळे वारा जवळपास नसल्यासारखा, आणि ब्रेक लावताना काही वीज बॅटरीत परत येते. तिथे एसी महाग पडतो, कारण तो किलोमीटरवर नाही, तासावर खातो. एक किलोवॉट घेणारा एसी 100 च्या वेगाला किलोमीटरमागे 10 वॉट-तास घेतो, 20 च्या वेगाने रखडताना 50.

आणखी एक : '60 युनिट' हा आकडा कुणी एकूण क्षमतेचा छापतो, कुणी प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या क्षमतेचा. दोन्ही माहितीपुस्तिका शेजारी ठेवून बघा. जाहिरातीतल्या रेंजवर मात्र जाऊ नका. रेंज मोजायच्या युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा सरासरी वेग ताशी 46 च्या आसपास असतो. तुम्ही 100 ने निघालात.

बॅटरीची शंका उरलीच असेल तर पुढच्या वेळी 14 टक्क्यांवरून पूर्ण चार्ज करा आणि चार्जरवर किती युनिट पडली ते टिपा. चार्जिंगमध्ये थोडी वाया जातातच, तेव्हा 55 च्या आगेमागे आली तर बॅटरी ठणठणीत. 45 च्या आतच भरली तर गाडी दाखवायला न्या.

आणि मेहुण्याला गप्प करायचं असेल तर त्याच रस्त्याने तुम्ही 80 ने जा, त्याला 100 नेच जाऊ द्या. वेग 100 वरून 80 वर आला की वाऱ्याचा खर्च 64 टक्क्यांवर येतो. तुमचे 105 चे 67 होतील, त्याचे 68 आहेत तसेच. फक्त सदतीस-अडतीस मिनिटं आधी पोहोचून तो चहा पीत बसलेला असेल, त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.