परशुरामाने समुद्र हटवून कोकण निर्माण केलं, हे विज्ञानाला मान्य आहे का?

नाही. बाण मारून समुद्र मागे हटवल्याची कथा आमच्या चिपळूणकडे घरोघरी सांगतात. भूविज्ञानाचं म्हणणं वेगळं: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचत गेले आणि सह्याद्रीचा काळा पाषाण बनला. पुढे ऊन-पावसाने तो कुजत गेला, बरंच काही वाहून गेलं, लोह मागे उरलं. तोच आपला जांभा. खाणीत ताजा कापलेला चिरा बघा, भोकाभोकांचा, तांबडा, आणि हवेत राहिला की आणखी टणक होणारा.

परशुरामाच्या देवळात मी मनापासून हात जोडतो. पण मुलांनी दगडाचं वय विचारलं, तर कथा सांगून त्यांना गप्प करू नये. ऋग्वेदाचं नासदीय सूक्तही सृष्टी कुठून आली हे खरोखर कोणाला ठाऊक आहे, असं मोकळेपणाने विचारतंच की!